मन्मथा, उमाच्या जागेचं काय करू?

मन्मथा,

काल दुपारी तुझ्या हॉकी टीमच्या ऑफिसातून फोन आला. बाई होत्या. आधी सांत्वनाचं बोलल्या, आणि बऱ्या बोलल्या, पाठ करून आल्यासारखं वाटलं नाही. मग जरा थांबून म्हणाल्या, "सरांच्या स्मरणार्थ आम्ही यंदा उमाला संघात घ्यायचं ठरवलंय. गोलकीपरची एक जागा रिकामी आहे. ट्रायलची गरज नाही. तुम्ही फक्त होकार कळवा, उद्या संध्याकाळपर्यंत." माझ्यासमोर इरकल लुगड्यांचा ढीग पसरलेला, गिऱ्हाईक काठ बघत बसलेलं. मी म्हटलं, कळवते. फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाईक बाईला हिरव्याऐवजी निळं लुगडं बांधून दिलं. आज सकाळी ती बदलून न्यायला आली तेव्हा कळलं.

तर आता तूच सांग, काय करू? ही तीच जागा, जिच्यावरून मी वर्षभर तुझ्याशी भांडले. ती माझ्या पोरीची होती असं मी म्हणायची, आणि नव्हती असं तू. भांडण अर्ध्यावर टाकून तू निघून गेलास, आणि जागा आपल्या पायांनी चालत माझ्या दुकानात आली. संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. दुपारचं गंगाखेडच्या बाजारात कुत्रंसुद्धा फिरकत नाही, म्हणून गल्ल्यावर बसून हे लिहितेय. तुझ्याशी वाद घातल्याशिवाय मला आजवर कुठला निर्णय घेता आलाय?

तुझ्या कपाळाला विभूती लावली ती माझ्या हातानं. आपल्या लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. तुला तसं बसवलेलं बघितलं आणि माझ्या मनात काय यावं, तर हा माणूस मैदानावर कधी बसला नाही! मॅनेजरसाठी खुर्ची मांडलेली असायची आणि तू तिच्या शेजारी उभा, हाताची घडी घालून, शेताच्या बांधावर उभा राहावं तसा. रफिकभाई माझ्या बाजूलाच होते. कॉलेजपासून तुला हॉकीच्या नादाला लावणारे तेच. डोळे पुसत हळूच म्हणाले, "अक्का, पहली बार बैठा है." मला त्या गर्दीत हसू फुटलं. पदर तोंडाला लावला म्हणून लोकांना रडणं वाटलं असेल. दोन्ही होतं.

आपल्या राणीसावरगावात तेव्हा हॉकी म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नव्हतं. विटीदांडू होता, कबड्डी होती, नंतर क्रिकेट आलं. तू परभणीला शिकायला गेलास आणि पहिल्याच सुट्टीत नडगीला सूज घेऊन घरी आलास. आईला वाटलं कुणी मारलं. तू म्हणालास, खेळायलोय. खेळत कसला होतास! रफिकभाईंनीच नंतर मला सांगितलं की तुझ्या हातात स्टिक दिली की आपल्याच माणसांच्या पायांना भीती. शेवटी ते वैतागून ओरडले होते, "अरे इसकू स्टिक मत देव रे कोई, इसकू कागज देव!" तू खरंच कागद घेतलास. कडेला उभा राहून कोण कुठं पळालं, कुणी कुणाला चेंडू दिला, कोण उगाच धावलं, ते लिहायला लागलास. स्वतःला खेळता येत नाही याचं वाईट वाटून घेण्यात तू वेळ घालवला नाहीस, आणि हे मला तुझं तेव्हापासून आवडतं. तोंडावर कधी बोलले नाही. लहान भावाला तोंडावर चांगलं म्हणायची आपल्या घरात रीत नव्हती, आणि अगोदरच तुझी मान ताठ होती.

मग तू ज्वारीत गेलास. नवीन वाण काढणारा शास्त्रज्ञ झालास, नावाच्या मागे डॉक्टर लागलं, आणि अप्पांनी सगळ्या गावाला पेढे वाटले. तू नक्की काय करतोस ते मात्र त्यांना कळेना. म्हणून एकदा तू आम्हा दोघांना परभणीला तुझे प्रयोगाचे वाफे दाखवायला नेलंस. बघतो तर काय, उभ्या ज्वारीच्या कणसांना कागदी पिशव्या घातलेल्या, ओळीनं. एका वाणाचे पराग दुसऱ्याला लागू नयेत म्हणून असतात, हे तू समजावलंस. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येवढं शिकून कणसाला टोप्या घालायलास व्हय रे?"

त्याच दिवशीची दुसरी गोष्ट मी विसरले नाही, कारण पुढं सगळं तिच्यावरच अडलं. वाफ्याच्या कडेला ज्वारीची काही ताटं लय भारी होती, कणसं मुठीत मावणार नाहीत अशी. अप्पा शेतकरी माणूस, त्यांनी कणीस हातात धरलं आणि म्हणाले, "ह्याचं बी धर, बाकीचं सोड." तू हसून मान हलवलीस.

"अप्पा, कडंची वळ मोजायची नसती. तिला ऊन जास्त, वारा जास्त, एका अंगाला शेजारीच न्हाई. तिथं कुणीबी मोठं व्हतं. पारख मधल्या वळीची करायची."

"मंग कडंची पेरतोस कशाला?"

"मधलीला शेजार पायजे म्हणून."

अप्पांनी कणीस सोडून दिलं. परत येताना एसटीत म्हणाले, पोरगं बरं शिकलंय.

ज्वारी एकदा पेरली की कापणीपर्यंत वाट बघायची, आणि तुला वाट बघायचा कंटाळा. लग्नाचा विषय काढला की "पुढच्या हंगामात बघू" म्हणायचास, असे कितीतरी हंगाम गेले. संध्याकाळी खोलीवर एकटा बसून तू तो ब्लॉग सुरू केलास, 'डीच्या आत'. डी म्हणजे गोलपुढचा तो अर्धगोल, गोल करायचा तर चेंडू त्याच्या आतूनच मारावा लागतो, हे मला तू फोनवर समजावलं होतंस आणि मला तेव्हा काडीचं कळलं नव्हतं. वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यात मी, त्यात रफिकभाई. मी दुकानात बसून मोबाईलवर वाचायची आणि गिऱ्हाइकाला वाटायचं ही बाई हिशेब बघतेय. हॉकी समजत नसली तरी तुझी खोडी समजायची. कुणाही वाहवा झालेल्या खेळाडूवर तू चार ओळीत असं लिहायचास की वाचून मला तुझी लहानपणची ती मिश्किल भिवई दिसायची.

मग तो लेख आला. सगळा देश जिला डोक्यावर घेऊन नाचत होता अशा एका फॉरवर्डबद्दल तू लिहिलंस की ही कडेच्या ओळीतली ज्वारी आहे. हिचे गोल मोकळ्या जागेत झालेत, दमलेल्या संघांवर झालेत. हिला एकदा मधे, दाटीत उभी करून बघा. बाई गं, काय शिव्या पडल्या तुला! ज्वारीवाल्या, शेतात जा. ज्वारीवाल्या, भाकरी थाप. मी रागानं फोन केला तर तू खुशीत. "अक्का, माणसं वाचायलीत!" दुसऱ्या दिवशी ब्लॉगवर तू स्वतःच्या नावाखाली लिहून टाकलंस, 'ज्वारीवाला'.

टीमच्या मालकांनी त्यानंतरच तुला शोधलं. त्यांचा संघ सामना हातात आलेला घालवायचा, आणि तू लिहिलं होतंस की त्या मुली दमून हरत नाहीत. चांगल्या अकराजणींकडे सगळे बघतात, बाकावर बसणाऱ्यांची पारख कुणी केलेलीच नाही, आणि त्या मैदानात उतरल्या की सामना जातो. त्यांचा पहिला फोन तुला थट्टा वाटला आणि तू कट केलास. दुसराही कट केलास. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं की तुम्ही नक्की कोण, तर म्हणालास, "ज्वारी पैदासकार." त्यांना ती हॉकीतली एखादी नवी पदवी वाटली असावी.

आधी सल्ला, मग रजा, मग एक दिवस नोकरीच सोडली. घरावर आभाळ कोसळलं. अप्पांनी मला निरोप धाडला, म्हणून मी तातडीनं गावी आले. तू ओट्यावर बसलेला, अप्पा येरझारा घालत.

"सरकारी नोकरी सोडून पोरींची टीम सांभाळणार? हातचं सोडून पळत्याच्या मागं लागायलास तू!"

मीही अप्पांच्याच बाजूनं बोलले. चार गोष्टी जास्तच बोलले. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "अप्पा, ज्वारीचं एक वाण निघायला अर्धं आयुष्य जातं. माझी दोन निघाली, शेतकरी पेरायलेत. आता ह्या पोरींतलं काय निघतंय ते बघू द्या." अप्पा येरझारा थांबवून ओट्याच्या कडेला बसले. वर्षभरानं टीव्हीवर सामना लागला, क्षणभर तू दिसलास, आणि ते ओरडले, "आगं, उभाच हाय की! खुर्ची देत न्हाईत का त्याला?" त्यानंतर पारावर जो भेटेल त्याला ते सांगायचे की माझा पोरगा मॅनेजर हाय, पण त्याला बसाया टाईम न्हाई. ते गेले तेव्हा समाधानानं गेले, मन्मथा. हे तुझ्यामुळं.

आता मुद्द्यावर येते. गेल्या वर्षीची ट्रायल.

तू ट्रायल घेतलीस ती अगदी ज्वारीसारखी. वाणांना प्रयोगात नाव नसतं, नुसता नंबर असतो, म्हणजे हे माझं, ते तुझं असा लळा लागत नाही. तसंच तू मुलींना चिठ्ठीतून नंबर दिलेस. जर्सीवर नावं होती, म्हणून जर्स्या उलट्या करून घालायला लावल्यास. उमा सांगत होती, कडेला उभ्या आईबापांना आपली पोरगी कुठली तेच ओळखू येईना. प्रत्येक गटात तू तुझ्या ओळखीची एकच साधारण खेळणारी मुलगी मुद्दाम घातलीस, तिच्याशी ताडून बाकीच्यांना बघायचं म्हणून. ती बिचारी सगळ्या गटांतून खेळून इतकी दमली की शेवटी म्हणाली, सर, मला एकदाचं काढून टाका. आणि परीक्षकांना तू बजावलंस की प्रत्येक सामन्यातली सुरुवातीची आणि शेवटची काही मिनिटं मोजायची नाहीत. त्या कडेच्या ओळी.

उमानं तुला येणार म्हणून सांगितलं नव्हतं. रफिकभाई आपल्याकडं शिकणाऱ्या परभणीच्या पोरींना उमासकट घेऊन गेले आणि तू बघू नयेस म्हणून स्वतः गेटबाहेर चहाच्या गाड्यावर बसून राहिले. मातीच्या मैदानावर उड्या मारून कोपर सोलून घेतलेली पोरगी माझी, त्या हिरव्या टर्फवर पहिल्यांदा इतकी खेळली. आणि तिच्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. पहिला फटका तिनं पॅडनं अडवला, उलटून आलेला दुसरा जमिनीवर पडल्या पडल्या स्टिकनं. सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. तुझ्या परीक्षकांनीसुद्धा वाजवल्या. आणि गुणांत मांडलं काय? काही नाही. शेवटचं मिनिट! थोडक्यासाठी तिचा नंबर राहिला.

बरं, चूक तुझीच होती हे मी म्हणत नाही, तू म्हणालास. संध्याकाळी तुमचे कोच तुझ्यावर बरसले, "सर, हॉकीत सामना शेवटच्या मिनिटाला ठरतो आणि तुम्ही तेच फेकून देता?" तू त्याच दिवशी ब्लॉगवर लिहिलंस, 'माझी चूक'. ज्वारीचा नियम मी डोळे मिटून मैदानावर आणला, हॉकीत शेवटचं मिनिट कडेला नसतं, पुढच्या ट्रायलपासून ते मोजलं जाईल. मोठ्या संघाचा मॅनेजर असं चारचौघांत लिहितो का? मी तो लेख वाचला तेव्हा ऊर भरून आला. आणि लगेच तुला फोन लावला.

"चूक मान्य हाय ना? मग उमाला परत बोलाव."

"अक्का, तिला एकटीला कसं बोलावू? शेवटच्या मिनिटाला चांगली खेळलेली ती एकटीच हाय का? सगळ्या पोरींना परत बोलावता आलं असतं तर बोलावलं असतं. आता हंगाम तोंडावर आलाय."

"म्हणजे चूक तुझी अन् भोगायचं तिनं?"

"व्हय," म्हणालास. नुसतं व्हय! मी फोन आपटला.

आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? बाजारात सगळ्यांना कळलं होतं. समोरच्या दुकानातले काका रोज विचारायचे, काय वहिनी, मामा मॅनेजर अन् भाची घरीच? पहिल्यांदा मी मान खाली घातली. मग एक दिवस माझ्याच तोंडून निघून गेलं, "व्हय काका, आमच्यात मामा असला तरी ट्रायल द्यावी लागती." काका आपल्या दुकानात वळले. मला मात्र स्वतःचाच राग आला, की घरी तुझ्याशी भांडते आणि बाजारात तुझीच बाजू घेते.

भाऊबिजेला तू आलास. पाटावर बसलास, मी ओवाळलं आणि तू खिशात हात घालून म्हणालास, "काय टाकू ताटात?" मी म्हटलं, "उमाची जागा टाक." मला वाटलं हसण्यावारी नेशील. तू हात तसाच खिशात ठेवून माझ्याकडं बघितलंस.

"अक्का, ताटात माझं आसल तेच टाकता येतं. ती जागा माझी न्हाई."

निरांजन ताटात ठेवून मी पानं वाढायला गेले. मग जेवताना मी दुसरं विचारलं, जे मला त्या जागेपेक्षाही जास्त छळत होतं. हेल्मेट असू दे, जर्सी उलटी असू दे, नंबर असू दे. जिला तू अंगाखांद्यावर खेळवलंस, जिची पहिली स्टिक तू आणलीस, तिची चाल तुला ओळखू आली नाही? खरं सांग. तू भाकरीचा तुकडा मोडत म्हणालास, "हेल्मेट व्हतं, अक्का." एवढंच. ओळखून सोडलंस की न ओळखता, ते मला आजही माहीत नाही. ओळखून सोडलं असशील तर तुझ्या काळजाला काय झालं असेल त्या घडीला, हे मनात आलं की माझा राग आपोआप उतरतो आणि मला तो उतरू द्यायचा नसतो.

जेवण झाल्यावर तू आणि उमा मागच्या अंगणात गेलात. तुला स्टिक धरता येत नाही, म्हणून तू हातानं चेंडू फेकत होतास आणि ती अडवत होती. डावीकडं खाली, उजवीकडं वर, परत डावीकडं. अंधार पडेपर्यंत. दोघांतलं कुणी जागेबद्दल एक अक्षर बोललं नाही. मी भांडी घासता घासता बघत होते आणि मला वाटलं होतं, हा माणूस पुढच्या वर्षी तिला घेईल, बघा. पुढचं वर्ष आलं आणि तू चहाचा कप हातात धरून गेलास.

तुझ्या मातीला किती माणसं आली, तुला सांगायला पाहिजे. विद्यापीठातले आले, तुझं वाण पेरणारे शेतकरी आले. एक म्हातारा तर तुझ्या ज्वारीचं कणीस घेऊन आला आणि बेलाच्या पानांवर ठेवून गेला. टीमच्या मुली आल्या, रात्रभर प्रवास करून. त्यातली एक उंच, सावळी, माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "सर नसते तर मी घरीच असते. आमच्याकडं कुणी नावाचं नाही, नंबरावर आले मी." गोलकीपर होती. तीच, जिला उमाऐवजी घेतलं होतं. तिला ते माहीत नव्हतं. उमाला होतं. थोड्या वेळानं बघते तर दोघी भिंतीला टेकून शेजारी शेजारी बसलेल्या, आणि उमा तिला विचारत होती की पॅड कुठल्या कंपनीचे घेतलेस.

तेव्हा मला तुझा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता. टीव्हीवर दिसलास तेव्हाही नाही.

तरीपण, मन्मथा. तरीपण मी आई आहे. ही जागा काही उपकाराची नाही. तू स्वतः लिहून ठेवलंस की नियम चुकला होता. उमाचं जे राहिलं ते तिला मिळतंय, उशिरा मिळतंय, एवढंच. आणि तुझ्या आठवणीसाठी तुझ्याच भाचीला जर्सी मिळाली तर कोणतं आभाळ फाटतंय? तू असतास तर नाही म्हणाला असतास हे मला माहीत आहे. पण तू नाहीस. निर्णय मी घ्यायचाय. आणि मी घेतला आहे. घरी जेवायला जाते, उमाला सांगते आणि होकार कळवते.

आता परत दुकानात आलेय. दिवेलागणीची वेळ झालीय. पुढचं लिहिते.

उमा अंगणात पॅड धूत बसली होती. आपल्यात सुतक धरू नये म्हणतात, तरी धरणारे धरतातच. शेजारची एकजण भिंतीवरून बघत होती की मामा जाऊन आठवडा नाही आणि पोरगी खेळायचं सामान काढून बसलीय. मी तिला आत बोलावलं आणि फोनचं सांगितलं. पोरगी आनंदेल असं वाटलं होतं. ती लहानपणी फ्रॉकला पुसायची तसे ओले हात ओढणीला पुसत राहिली.

"आई, तू फोन केलीस का?"

"करायलेय आता."

"नको करू. मला ट्रायल द्यायचीय."

मग झालं आमचं भांडण. काय काय बोलले मी! अगं, हक्काचं आहे. तुझ्या मामानंच चूक कबूल केलीय. सगळ्यांची ट्रायल होणार, आणि परत थोडक्यात राहिलीस तर? ती म्हणाली, "मग राहिले." मी म्हटलं, मामाचं भूत शिरलंय तुझ्यात, नियम नियम करून माणूस गेला आणि तुला वारसा देऊन गेला. ती रडायला लागली. मी पण. जेवण तसंच राहिलं.

मग ती म्हणाली, आणि तिनं तुझ्या नियमाचं नावसुद्धा काढलं नाही.

"आई, मी गोलकीपर हाय. मी गोल खाणारच. सगळेच खातात. नंबरावर गेले अन् गोल खाल्ला तर लोक मला शिव्या देतील. मामाच्या नावावर गेले तर पहिल्याच गोलाला म्हणतील, बघा, ज्वारीवाल्यानं भाची घुसवली. त्याला बोलतील. तो असता तर त्यानं उत्तर दिलं असतं, लिहिलं असतं. आता त्याच्यासाठी कोण उत्तर देणार?"

एकोणीस वर्षांची पोरगी. मी माझ्या पोरीची जागा राखायला निघाले होते, आणि ती तुझी राखत बसली होती.

दुकानात आले आणि ऑफिसात फोन लावला. त्या बाईंना वाटलं होकार आहे, अभिनंदनच करायला लागल्या. मी म्हटलं, "थांबा. उमा ट्रायल देणार. तारीख तेवढी कळवा. आणि ती कुणाची कोण हे तिथं कुणाला सांगू नका." त्यांनी दोनदा विचारलं, नक्की का? मी दोन्हीदा हो म्हटलं.

झालं, मन्मथा. वर्षभराचं भांडण मी हरले. माझ्याच घरात, माझ्याच पोरीकडून हरले, आणि लोकांनी विचारलं तर मी हे छाती पुढं काढून सांगणार आहे. पण जिंकणाऱ्यानं निदान समोर तरी यावं की नाही? एकदा ये. दारात उभा राहा, बसू नकोस, आणि तोंडावर म्हण, "अक्का, हरलीस." शपथ सांगते, मी उलटून एक शब्द बोलणार नाही.